नेरेइदाच्या नावचा नवस

मिशिगन, स्ट्रॉबेरीची छावणी
५ जून १९८३

कोमाद्रे एर्लिंदा,

पोचलो एकदाचे. आर्कान्सासात ट्रकनं मान टाकली. फिदेन्सिओ त्याला शिव्या देत होता आणि मी जप करत होते, शेवटी निघाला. श्रेय कुणाचं ते अजून ठरलेलं नाही. खोली गेल्या वर्षीचीच मिळालीय, खिडकीची जाळीही तशीच फाटकी. रोहेलिओ बापाच्या खांद्याला लागलाय आणि खातो तर असा, भस्म्या रोग झाल्यासारखा.

नेरेइदाला तुमच्याकडे सोडून निघाले तेव्हा मी रडले नाही. टेक्सासची हद्द ओलांडल्यावर रडले. तुम्ही तिची धर्माची आई, बाप्तिस्म्याला तुम्हीच तिला हातात धरलं होतंत. त्या दिवसापासून आपण एकमेकींच्या कोमाद्रे झालो, आपल्यातलं 'तू' गेलं आणि 'तुम्ही' आलं. एका बाकावर बसून एकमेकींच्या वेण्या ओढणाऱ्या आपण, पण रीत म्हणजे रीत.

तुम्हाला ठाऊक असलेलंच पुन्हा लिहिते, कारण या छावणीत आलं की ते मला रोज आठवतं. सहा वर्षांपूर्वी याच खोलीत रोहेलिओ तापानं आचके देत होता. इस्पितळात एक नर्स त्याच्या उशाशी बसून राहिली आणि मी बाहेर जमिनीवर गुडघे टेकून सान हुआनच्या मरियामातेला नवस बोलले, की माझं पोर वाचव, माझी मुलगी नर्स होईल आणि जन्मभर तुझ्या आजाऱ्यांची सेवा करील. पोर वाचलं. नेरेइदा नर्सिंगचं पहिलं वर्ष पास झाली. आता उन्हाळ्यात तिला इस्पितळात पाठवतात म्हणे. छावणीतल्या बाया रोज विचारतात, आमची नर्स कशी आहे. काय सांगू? पोरगी दोन ओळींच्या वर लिहीत नाही. तुम्ही त्याच कॉलेजात बसता, जरा लक्ष ठेवा आणि मला सविस्तर कळवा.

तुमची,
एलोइसा

*

पाल्मा सेका, टेक्सास
१७ जून १९८३

कोमाद्रे एलोइसा,

तुमच्या पत्राला स्ट्रॉबेरीचा वास होता. इथं ऊन असं पडलंय की कुत्रीसुद्धा सावली बदलायला उठत नाहीत.

तुम्ही म्हणता मी कॉलेजात 'बसते'. बसायला मिळालं तर देवच पावला. आमच्या बराकीच्या दारावर 'विद्यार्थी सल्लागार' अशी पाटी आहे. ही बराक लष्कराच्या जुन्या विमानतळावरची, तेव्हा इथून विमानं उडायची, आता आम्ही माणसांना पंख लावतो. काल वेल्डिंगच्या वर्गातला एक बाप्या तान्ही मुलगी काखेत घेऊन आला. बायको सोडून गेली, पोर कुणाकडे ठेवू, मी शिक्षण सोडतो म्हणाला. मी म्हटलं, शिक्षण नको सोडू, पोर इथं सोड. मग दोन तास ती माझ्या टेबलावर झोपली आणि मी तिच्या अंगावरून हात लांब करून फोन घेत होते. आज त्याला पाळणाघर मिळवून दिलं. परवा एकजण आठवडाभर गायब होता म्हणून त्याच्या घरी गेले, तर ट्रकचा टायर फुटला म्हणून तो शिक्षण सोडून बसलेला. टायर फुटला म्हणून कुणी शिक्षण सोडतं का, असं विद्यापीठातले लोक विचारतील. आमच्याकडे सोडतात. त्यांना परत आणायचं, हेच माझं काम.

नेरेइदा नीट जेवते, झोपते, माझ्या कोंबड्यांना नावं ठेवते आणि नवी नावंही ठेवते. फावल्या वेळात शिकवणीच्या खोलीत दुसऱ्यांना गणित समजावते, लोक खूश आहेत. अभ्यासाचं मात्र तिलाच विचारा. मुलं अठरा वर्षांची झाली की कॉलेजातलं त्यांचं काहीही आईबापांना सांगायचं नाही असा कायदा आहे, आणि मी त्या कायद्याच्या खुर्चीत बसते.

फिदेन्सिओंची पाठ कशी आहे?

तुमची,
एर्लिंदा

*

मिशिगन
३० जून १९८३

कोमाद्रे,

वेल्डरच्या पोरीचं वाचून फार बरं वाटलं. तिचा पाळणाघरातला पहिला दिवस कसा गेला तेही कळवा, तेवढंच राहिलं आहे. अहो, परक्याच्या तान्ह्या पोरीवर पानभर आणि माझ्या पोरीवर चार ओळी? त्यातही दोन ओळी कोंबड्यांच्या.

मी काही कॉलेजात गेलेली नाही, पण माणूस काय लिहीत नाही ते मला वाचता येतं. ती इस्पितळात जाते का? पहिला दिवस कसा गेला? कुणाची नाडी बघितली का? एवढंच विचारते. कायदा परक्यांसाठी असतो. बाप्तिस्म्याचं पाणी तुमच्या हातावरून ओघळलं, ते काय कायद्यानं पुसलं?

चेरी लागल्या आहेत. रोहेलिओ शिडीवर माकडासारखा चढतो, मी खालून मरियामातेचं नाव घेते. फिदेन्सिओची पाठ चेरीला वाकावं लागत नाही म्हणून खूश आहे. आता सांगा.

एलोइसा

*

पाल्मा सेका
९ जुलै १९८३

कोमाद्रे,

रागावू नका. रागावा, पण वाचा.

मी दोन जागी बसते. एक ऑफिसातली खुर्ची आणि एक स्वयंपाकघरातला स्टूल. स्टुलावर जे ऐकलं ते धर्माची आई म्हणून ऐकलं, ते मी तुम्हाला सांगू शकते. खुर्चीत ऐकलेलं माझ्याबरोबर थडग्यात जाणार, मग ते शेरिफच्या पोराचं असो की माझ्या धर्माच्या मुलीचं. एकदा जरी मी तोंड उघडलं ना, तर दुसऱ्या दिवसापासून त्या बराकीत कुणी खरं बोलणार नाही. नवऱ्याचा मार खाऊन आलेली बाई येते, तुरुंगातून सुटलेला पोरगा येतो, नीट वाचताच येत नाही हे जन्मभर लपवलेला म्हातारा येतो. ते दार लावून घेतात आणि बोलतात. माझ्याजवळ एवढंच भांडवल आहे.

स्टुलावर नेरेइदा सध्या एवढंच म्हणते, की बीन्स वाढ. तेव्हा माझ्याकडून बातमी हवी असेल तर बीन्सचीच मिळेल. एक मात्र शपथेवर सांगते, पोरगी धडधाकट आहे आणि माझ्या छपराखाली आहे. तिला तुम्हीच लिहा. धाक घालून नाही, सहज लिहा.

तुमची,
एर्लिंदा

*

मिशिगन
२० जुलै १९८३

एर्लिंदा,

आज मी तुला 'तू' म्हणणार आहे. रीत गेली खड्ड्यात.

चोले नावाची बाई आमच्या शेजारच्या खोलीत असते. तिची भाची नेरेइदाच्याच नर्सिंगच्या वर्गात आहे. भाचीनं फोटो पाठवला, पांढरा गणवेश घालून, हसत. चोलेनं तो छावणीभर फिरवला. माझ्या हातात आला तेव्हा मला दोन वेळा बघावं लागलं. कॉलर मी ओळखली, एर्लिंदा. बाजारातली कॉलर नेरेइदाच्या मानेला टोचते म्हणून मी ती उसवून माझ्या लग्नाच्या झग्याच्या कापडाची लावली होती. असली कॉलर जगात दुसरी नाही. चोले म्हणाली, हो, तुमच्या नेरेइदानंच दिला तो गणवेश, तिला आता लागत नाही म्हणे, तुम्हाला माहीत नव्हतं?

दहा बायांच्या देखत. मी म्हटलं, माहीत होतं. आणि खोलीत येऊन बसले.

पोटुशी आहे का? कुणाचा हात धरून गेली का? तू शपथेवर छपराचं लिहिलंस, पोटाचं काही लिहिलं नाहीस. धडधाकट तर पोटुशी बाईसुद्धा असते.

आणि ऐक. काल दुपारपासून रोहेलिओला ताप आहे. अंग असं तापलंय की हात ठेववत नाही. तीच छावणी, तीच खोली. नवस मी तोंडानं बोलले आहे, तो तिकडे कुणीतरी मोडून ठेवलाय, आणि देवाचा हिशोब माझ्या पोराच्या अंगावर निघतोय. खुर्चीतून उठ आणि मला खरं काय ते लिही.

एलोइसा

*

पाल्मा सेका
२६ जुलै १९८३

एलोइसा,

तुझं पत्र आलं तेव्हा नेरेइदा कोंबड्यांना दाणे टाकत होती. मी तिला आत बोलावलं, स्टुलावर बसवलं आणि पत्र पुढे ठेवलं. तुझ्या पत्राला कुठलाच कायदा लागू नाही. रोहेलिओच्या ओळीपर्यंत आली आणि पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. मग ती स्वयंपाकघरात बोलली, सगळं, आणि म्हणून आता मी लिहू शकते.

तुझी मुलगी किती बेरकी आहे ते तुला कळायला हवं. जूनच्या मध्यावर ती माझ्या ऑफिसात आली. घरी रोज समोर असते, पण नाही, बाहेरच्या बाकावर रांगेत बसली, नंबर आल्यावर आत आली, दार लावलं आणि समोरच्या खुर्चीत बसून म्हणाली, "मिसेस कान्तू, मी विद्यार्थिनी म्हणून आले आहे." मला जन्मात तिनं मिसेस कान्तू म्हटलेलं नाही. तेव्हाच मी ओळखलं, की ही आता माझं तोंड शिवणार. नर्सिंग सोडल्याचं मला तिनं तिथं सांगितलं, कारण तिथं सांगितलेलं मी तुला सांगू शकत नव्हते. घरी बोलू म्हणून मी रोज बीन्सवर बीन्स वाढत राहिले आणि ती गप्प खात राहिली. दोनदा मी तुमच्या मालकाच्या गोदामाचा नंबर फिरवला आणि फोन खाली ठेवला. माझ्या नोकरीत मी इतकी कधी चडफडले नव्हते.

पोटुशी नाही. कुणाचा हात धरलेला नाही. बाकीचं तिच्याच हातचं सोबत आहे. रोहेलिओचं कळव, एका ओळीत कळव. आम्ही दोघी इथं सुचेनासं होऊन बसलो आहोत.

एर्लिंदा

(सोबत)

आई,

आधी सांग, तो कसा आहे?

मी नर्सिंग सोडलं. तुम्ही मिशिगनला निघालात आणि आमचं इस्पितळ सुरू झालं. जायच्या दिवशी सकाळी मला उलटी व्हायची. वाटलं, होईल सवय. मग एका आजोबांनी पाणी मागितलं आणि मी दिलं. ऑपरेशनआधी त्यांना पाण्याचा थेंब द्यायचा नव्हता, पलंगावर तशी पाटी होती, ती मी वाचलेलीसुद्धा होती. ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं. आजोबांना काही झालं नाही, मला कुणी रागावलंही नाही. पण त्या दिवसापासून माझे हात थरथरायचे थांबेनात. औषधाचं माप मी वर्गात सगळ्यांच्या आधी काढते, पलंगापाशी मला काही सुचत नाही. चोलेच्या भाचीला मापं मीच शिकवली. ती पलंगापाशी जाते तेव्हा तिचे हात स्थिर असतात, म्हणून गणवेश तिला दिला. कॉलर तुझी होती, ती उसवून ठेवायला हवी होती. चुकले.

शिकवणीच्या खोलीत मला उलटी होत नाही, आई. तिथं बाबांच्या वयाचे ट्रकवाले येतात, शाळेची राहिलेली परीक्षा द्यायला. अपूर्णांक म्हटलं की मान खाली घालतात. मी त्यांच्या शेजारी बसते आणि एक एक पायरी करून घेते, आणि ती मान वर येते ना, तेव्हा मला दुसरं काही नको वाटतं. तिथले मुख्य मिस्टर प्रुइट म्हणाले, तुला हे येतं, हे सगळ्यांना येत नाही. मला पुढे शिकून अशाच कॉलेजात शिकवायचं आहे. खूप शिकलेल्यांना नाही, राहून गेलेल्यांना.

नवस मी विसरले नाही. गणवेश देताना रोहेलिओचाच चेहरा समोर आला. म्हणून तर सांगायची हिंमत झाली नाही. दर रविवारी सान हुआनला जाऊन त्याच्या नावानं मेणबत्ती लावते आणि म्हणते, मला काय करायचं ते कर, त्याला नको. त्याला काही होणार असेल तर सांग, मी उद्या परत जाते. हात थरथरले तरी जाते.

नेरेइदा

*

पाल्मा सेका
१५ ऑगस्ट १९८३

एलोइसा,

पत्र नाही, निरोप नाही. गोदामाला फोन केला तर एक माणूस म्हणाला, छावणी चेरी संपवून काकडीला हलली, कोण कुठे गेलं ठाऊक नाही.

नेरेइदा काल नर्सिंगच्या बाईंना भेटून आली, परत घेता का विचारायला. बाई म्हणाल्या, वर्ग सुरू होईपर्यंत जागा राखून ठेवते. मी तिला अडवलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. इतक्या वर्षांत कितीतरी पोरांना सल्ले दिले, हिच्यापुढे माझं काही चालेना. घरी आली, जेवली नाही आणि कोंबड्यांपाशी जाऊन बसली.

तुझा राग माझ्यावर असू दे. जन्मभर असू दे. पण रोहेलिओ कसा आहे ते लिही.

एर्लिंदा

*

मिशिगन, काकडीची छावणी
२२ ऑगस्ट १९८३

एर्लिंदा,

रोहेलिओ बरा आहे. आधी ते लिहिलं, आता श्वास घ्या दोघींनी.

त्याचा घसा होता. टॉन्सिल सुजले होते, आणि त्यावर पैज लावून टोपलीभर कच्च्या चेरी खाल्लेल्या. वरून ताप, खालून जुलाब. आता तो काकड्या खातो आणि बापाला उलट उत्तरं देतो, म्हणजे पूर्ण बरा.

मग मी लिहिलं का नाही? आधी रागावले होते, मग घाबरले, आणि पोर बरं झाल्यावर लाज वाटायला लागली. लाजेत सगळ्यात जास्त दिवस गेले. जुलैचं पत्र आणि नेरेइदाची चिठ्ठी तिकडेच मिळाली होती. तुझं दुसरं पत्र जुन्या छावणीला जाऊन मग इथं आलं, ते आज मिळालं, आणि नेरेइदा परत इस्पितळात जायला निघाली आहे हे वाचून मी काकड्या तशाच टाकून लिहायला बसले. तिला सांग, जाऊ नकोस. आई म्हणते, जायचं नाही.

का ते सांगते. रोहेलिओच्या तापात फिरता दवाखाना आला, त्या गाडीत एक नर्स होती. प्राक्सेदिस नाव, केस माझ्याहून पांढरे, आपल्याच भागातली. सुईचा हात असा हलका की पोराला कळलं नाही. मी विचारलं, किती वर्षं करताय हे? म्हणाली, गेल्याच वर्षापासून, त्याआधी तुमच्यासारखी चेरी तोडायचे. मला वाटलं, थट्टा करते. तर म्हणाली, कम्युनिटी कॉलेजात वय विचारतात ते फक्त लिहून घ्यायला.

मग रविवारी छावणीत पाद्रीबाबा आले. त्यांना मी सगळं सांगितलं, नवस, कॉलर, ताप. म्हातारा मोठा खवचट आहे. म्हणाला, "बाई, तुम्ही शेजारणीची कोंबडी देवाला वाहिलीत, आणि आता कोंबडी पळाली म्हणून देवाला घाबरताय."

मी म्हटलं, शेजारीण नाही हो, माझी मुलगी. तो म्हणाला, मुलगीसुद्धा शेजारीच राहते, तुमच्या आत राहत नाही. आणि पुढच्या बाईकडे वळला.

दोन दिवस मी काकड्या तोडत त्याचाच विचार केला. नवस मी बोलले. गुडघे माझे टेकलेले होते. पोरगी तेव्हा तेरा वर्षांची, बिचारी इस्पितळाच्या बाकावर झोपलेली होती, तिला कुणी विचारलं? तेव्हा नवस माझा आहे, आणि मीच फेडणार. निदान सहायक नर्स तरी होता येईल ना मला? फिदेन्सिओला सांगितलं. तो म्हणाला, माझ्या पाठीला घरचीच नर्स मिळेल. होकारच तो.

ऑक्टोबरात आलो की मी तुझ्या ऑफिसात येणार. बाकावर बसेन, नंबर आल्यावर आत येईन, दार लावीन. मी नर्स होणार हे तोवर नेरेइदाला एका अक्षरानं कळता कामा नये. तिला एवढंच सांग, की आईचा राग गेला आणि नवसाची काळजी आता आईची.

एलोइसा

*

पाल्मा सेका
२ सप्टेंबर १९८३

एलोइसा,

तुझं पत्र मी उभ्यानंच वाचलं, मग बसून रडले, मग हसले. शिपायाला वाटलं, मला नोकरीवरून काढलं.

नेरेइदाला निरोप दिला. तिनं दोनदा विचारलं, नक्की असंच लिहिलंय? मग आत गेली, तोंड धुऊन आली आणि बीन्सचं भांडं पुसून खाल्लं. दुसऱ्या दिवशी नर्सिंगच्या बाईंना सांगून आली, जागा दुसऱ्या कुणाला द्या. त्या दिवसापासून घरात गाणी म्हणते, सूर नाही, पण म्हणते.

आता कामाचं. सहायक नर्सच्या वर्गात बसायचं तर आमच्या कॉलेजात आधी शाळेची राहिलेली परीक्षा पास व्हावी लागते. तू आठवीत शाळा सोडलीस, म्हणजे मुख्य अडचण गणिताची. त्याचा वर्ग संध्याकाळी शिकवणीच्या खोलीत भरतो. मिस्टर प्रुइट शिकवतात, आणि टेबलाटेबलाशी बसून करून घ्यायला एक मदतनीस मुलगी या महिन्यापासून नेमली आहे. ती कोण, ते लिहायला नको. फार कडक आहे असं ट्रकवाले सांगतात. गृहपाठ केला नाही तर ओरडत नाही, नुसती बघते, आणि ते जास्त वाईट असतं म्हणे. हे बघणं तिनं कुणाकडून घेतलं ते मला चांगलं माहीत आहे.

तेव्हा तुझं गुपित माझ्याकडे राहील, पण वर्गाच्या दारापर्यंतच. पुढे तुझं तू बघ.

वेण्या ओढायचो तेव्हा तू मला एकदा म्हणाली होतीस, एर्लिंदा, तू शिक, मग मला सांग काय असतं ते. माझं सांगायचं राहून गेलं. आता येऊनच बघ.

एर्लिंदा

*

पाल्मा सेका
१२ जून १९८४

एर्लिंदा,

तू ह्यूस्टनला नातवाचं मुखकमल बघत बसली आहेस, आणि इथं माझा इस्पितळातला पहिला दिवस होऊन गेला. कोंबड्या ठीक आहेत. फिदेन्सिओ आणि रोहेलिओ मिशिगनला पोचले. लग्नानंतर पहिल्यांदाच ट्रक माझ्याशिवाय गेला. कुठं बिघडला तर शिव्याच द्याव्या लागल्या असतील, जप करायला कुणी नव्हतं.

परीक्षेपर्यंतचं तुला माहीतच आहे. नेरेइदा मला वर्गात 'मिसेस सालिनास' म्हणायची आणि घरी यायच्या वाटेवर 'आई'. अपूर्णांकाच्या भागाकारावर मी रडले, तेव्हा तिनं रुमाल दिला आणि म्हणाली, "डोळे पुसा, मिसेस सालिनास, आणि दुसरा अपूर्णांक उलटा करा." तिथं मी रागानं जे शिकले ते विसरणार नाही.

तर काल. सकाळी उलटी झाली, पण मला नाही, नेरेइदाला. माझ्या काळजीनं. मला म्हणाली, पाट्या वाच, प्रत्येक पलंगावरची पाटी वाच, पाणी मागितलं तरी आधी पाटी वाच. मी म्हटलं, बाई, मी तुझ्या आधीपासून माणसांना पाणी पाजते आहे. तरी तिनं इस्पितळाच्या दारापर्यंत सोडलं, आणि आत मात्र पाऊल टाकलं नाही.

पहिला पलंग एका म्हातारीचा. तिच्या पाठीला जखमा झालेल्या, कुणाला हात लावू देत नव्हती. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, हिला सोडा, पुढे चला. मी म्हटलं, थोडा वेळ द्या. तिच्याशी बोलले, कुठली, मुलं किती, कुठल्या शेतात कामाला होतीस. बोलता बोलता तिला कुशीवर वळवलं. तिला कळलं तेव्हा अर्धी पाठ पुसून झाली होती. मग शिव्या दिल्या, पण वळलेलीच राहिली. त्यानंतर एक माणूस, पाय कापलेला, त्याला भरवलं. मग एक पोरगी, पहिलटकरीण, घाबरलेली, तिनं माझा हात धरला तो सोडेच ना. जेवायची सुटी झाली आणि मी जेवायलाच विसरले. माझे हात, एर्लिंदा, ज्यांनी आयुष्यभर काकड्या तोडल्या, ते कुठं काय करायचं ते मला न विचारता करत होते.

बाहेर आले तर नेरेइदा गाडीत बसलेली, हातात कुणाचा तरी गृहपाठ, पण पान उलटलेलं नव्हतं. मला बघून उतरली आणि तिनं विचारलं, "फिटला का नवस?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, की सकाळी त्या दारातून आत गेल्यापासून मला नवस आठवलाच नव्हता. मरियामाता नाही, रोहेलिओचा ताप नाही, काही नाही. दिवसभर मी नुसती खूश होते.

गाडीपाशी उभी राहून मी तिला ते सांगितलं. म्हटलं, पोरी, नर्स व्हायचं होतं ते मला गं. तुला नाही. मी ते देवाच्या नावानं तुझ्या गळ्यात बांधलं होतं. तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली, गाडीचं दार उघडलं आणि मला आधी बसवलं. मग घरी येईपर्यंत तिनं मला त्या म्हातारीचं पुन्हा पुन्हा सांगायला लावलं, कुशीवर कशी वळवली, आधी कुठला हात लावला. का ते आज कळलं. संध्याकाळी तिच्या वर्गात एक ट्रकवाला येणार आहे, तो कुणाला जवळ बसू देत नाही म्हणे.

एलोइसा